पोर्तुगालची राणी संत इझाबेल : तिचें माहेर व तिचा संसार

आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळण्याचें काम आमच्या वांट्यास आलें. पानें पिवळीं पडलीं आहेत; कोठें शाई फिकी झाली आहे, तर कोठें शाईनेंच कागद खाल्ला आहे. परंतु एक नांव मात्र पुनः पुनः डोळ्यांपुढें येतें. कोणा पाद्रीसाहेबांनीं तें इझाबेल असें लिहिलें आहे, कोणीं इसाबेल. घरोघर तें इजाबेल असेंच म्हटलें जात असावें. हें आपल्या आज्यांचें व पणज्यांचें नांव. एलिझाबेथ या नांवाचेंच हें स्पेन-पोर्तुगालकडील रूप होय. ज्या संत राणीनें तें नांव पोर्तुगालांत धारण केलें, तिचा वृत्तांत या स्मरणग्रंथांत द्यावा असें आमच्या मनानें घेतलें.

हा वृत्तांत म्हणजे गुलाबांच्या फुलांची गोष्ट नव्हे, हें आरंभींच सांगून टाकतों. ती गोष्ट आमचे वाचक लहानपणापासून ऐकत आले आहेत, व ती व्यासपीठावरून सांगणारांत आम्हीहि आहों. तिचा विचार पुढें योग्य ठिकाणीं करूं. आमच्या या लेखाचें मूळ निराळ्याच एका प्रसंगांत आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या एका देवळांत मदतनीस धर्मगुरु असतां, एक बाई आपलें गाऱ्हाणें घेऊन आमच्याकडे आली. तिच्या यजमानानें दुसरें घर मांडलें होतें. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलेले आम्ही. जो दृष्टांत तेथें शिकलों तोच तिला दिला. आम्ही म्हणालों, "बाई, पोर्तुगालच्या राणीनें हेंच दुःख सोसलें. तुम्हीहि सोसा, देव तुमचें बरें करील." बाईनें पदरानें डोळे पुसले आणि विचारलें, "फादर, ती राणी नुसती गप्पच बसली होती काय?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, कारण आम्हांस तें ठाऊकच नव्हतें. बाई उठून गेली. राणीच्या चरित्राचा खरा अभ्यास आम्हीं त्यानंतर आरंभिला, आणि जें सांपडलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

इझाबेलचा जन्म १२७१ च्या सुमारास अरागोनच्या राजघराण्यांत झाला. अरागोनचें राज्य म्हणजे आजच्या स्पेन देशाचा ईशान्येकडील भाग. सारागोसा व बार्सेलोना हीं शहरें त्यांत मोडत. आजा पहिला जायमे यानें मायोर्का बेट व वालेन्सिया जिंकून 'विजेता' ही पदवी मिळविली होती. आजी योलांदा ही हंगेरीच्या राजाची मुलगी, व थुरिंजियाची संत एलिझाबेथ, जिला १२३५ मध्यें संतपद मिळालें, तिची सावत्र बहीण. नात जन्मास आली तेव्हां आजीच्या याच बहिणीचें नांव तिला ठेवण्यांत आलें. जायमे व त्याचा पुत्र पेद्रो यांच्यांत त्या काळीं फारसें सख्य नव्हतें. या नातीच्या जन्मानें बापलेकांचें मनोमीलन झालें असें तिचे चरित्रकार सांगतात. आजा १२७६ मध्यें वारला व पेद्रो गादीवर बसला.

आईकडची कथा अधिक दुःखाची आहे. आई कोन्स्तान्सा ही सिसिलीचा राजा मान्फ्रेड याची कन्या. मान्फ्रेडचें व पोपमहाराजांचें हाडवैर. फ्रान्सच्या राजाचा भाऊ शार्ल यास सिसिलीचें राज्य देऊं करण्यांत आलें आणि १२६६ मध्यें बेनेव्हेन्तोच्या लढाईंत मान्फ्रेड ठार झाला. त्याची विधवा व लहान मुलें बंदिवासांत पडलीं. विवाह होऊन अगोदरच अरागोनला गेलेली कोन्स्तान्सा तेवढी वांचली. आपल्या आईच्या तोंडून लहानग्या इझाबेलनें कोणत्या कहाण्या ऐकल्या असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. मग १२८२ सालीं ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं पालेर्मो शहरांत फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला. पेद्रोनें बायकोचा वारसा पुढें करून आरमार नेलें व सिसिली घेतली. त्याच वर्षीं चौथे मार्टिन पोपमहाराज यांनीं त्यास बहिष्कृत केलें. हें युद्ध बापाच्या मरणानंतरहि चालूं राहिलें. इझाबेलचा एक भाऊ जायमे अरागोनचा राजा, दुसरा भाऊ फ्रेदेरिक सिसिलीचा राजा, आणि एका वेळीं हे दोघे सख्खे भाऊच एकमेकांविरुद्ध लढले. शेवटीं १३०२ मध्यें काल्ताबेल्लोत्ता येथें तह झाला.

ज्या स्त्रीची प्रतिमा आपण वेदीवर पाहतों, तिचा बाप बहिष्कृत, आईचा बापहि बहिष्कृत, आणि सासरा तिसरा आफोंसो यानें बिशपांशीं भांडून अगदीं मरणाच्या वेळीं ख्रिस्तसभेशीं समेट केला. आम्हांस ही गोष्ट झांकून ठेवावीशी वाटत नाहीं. संतांचीं घराणीं सोवळ्यांत वाढलेलीं असतात असा जो समज आहे, तो चरित्रग्रंथ न वाचल्यामुळें झाला आहे.

पोर्तुगालचा राजा दिनिश याच्याकडून मागणी आली, तेव्हां इझाबेल दहा-अकरा वर्षांची होती. राजाचें वय वीस. १२८२ च्या फेब्रुवारींत बार्सेलोना येथें राजाच्या वकिलाबरोबर तिचा विवाह लागला. मग परक्या राज्यांतून लांबचा प्रवास करून जूनमध्यें त्रांकोजु या गांवीं नवराबायकोची प्रथम भेट झाली. ओबिदुश, आब्रांतिश व पोर्तु दे मोश हीं गांवें राजानें तिला लग्नांत नेमून दिलीं होतीं. त्यांचें उत्पन्न तिचें स्वतःचें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. कारण या राणीचा दानधर्म नवऱ्याच्या खिशांतून चोरून केलेला नव्हता, जरी गुलाबांच्या गोष्टींत तसें भासतें. पुढें आणखीहि गांवें तिच्याकडे आलीं. त्या उत्पन्नांतून तिनें इस्पितळें, अनाथ मुलांचीं घरें व पतित स्त्रियांसाठीं आश्रयस्थानें चालविलीं, आणि गरीब मुलींच्या विवाहास हुंडे दिले.

दिनिश राजा कसा होता? राजा म्हणून उत्तम. इतिहासकार त्यास 'शेतकरी राजा' म्हणतात. त्यानें ओसाड जमिनी लागवडीस आणविल्या, लैरियाचें पाइनवृक्षांचें रान वाढविलें, १२९० मध्यें लिस्बन येथें विद्यापीठ स्थापिलें (तें १३०८ मध्यें कोइंब्रास नेलें), आणि स्वतः कवि असल्यामुळें देशभाषेस मान दिला. त्याचीं शंभरांवर गीतें उरलीं आहेत. बिशपांबरोबर बापाच्या वेळचें भांडण त्यानें १२८९ च्या करारानें मिटविलें. टेम्पल शूरवीरांचा संघ पोपमहाराजांनीं मोडला, तेव्हां त्याची पोर्तुगालांतील मालमत्ता बाहेर जाऊं न देतां १३१९ मध्यें ख्रिस्ताच्या नांवानें नवा संघ त्यानें स्थापविला. या संघाचा तांबडा क्रूस पुढें पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर चढला, व त्याच जहाजांतून आपल्या या कोंकण किनाऱ्यास पाद्री उतरले. आपल्या देवळांच्या इतिहासाचा एक धागा असा या राजापर्यंत जाऊन पोंचतो.

नवरा म्हणून मात्र त्याची कीर्ति चांगली नाहीं. विवाहाबाहेर त्यास निदान सहा मुलें झालीं, व तीं अनेक बायकांपासून. राणीस दोन मुलें : १२९० च्या जानेवारींत मुलगी कोन्स्तान्सा, आणि १२९१ च्या फेब्रुवारींत मुलगा आफोंसो. सवतीचीं मुलें राजवाड्यांतच वाढलीं, आणि त्यांच्या शिक्षणाकडे व पालनाकडे राणीनें लक्ष दिलें. त्यांपैकीं पेद्रो, बार्सेलुशचा सरदार, हा मोठा विद्वान निघाला. पोर्तुगीज घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ त्यानेंच केला. याच गोष्टीवर आमच्या व्यासपीठांवरून पुष्कळ वेळां प्रवचनें होतात, व त्यांतून निघणारा बोध असा कीं, बाईमाणसानें तोंड मिटून सोसावें. आमच्या मतें यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. ज्या लेंकरांचा कांहीं अपराध नव्हता त्यांस तिनें आईची माया दिली, ही एक गोष्ट. नवऱ्याचें वर्तन ठीक आहे असें ती कधीं म्हणाली, ही दुसरी. आणि तिचा पुरावा आम्हांस कोठेंहि सांपडला नाहीं.

तिच्या पत्रांचा येथें उल्लेख केला पाहिजे. भाऊ जायमे यास तिनें लिहिलेलीं पत्रें अरागोनच्या राजदप्तरांत राहिलीं आहेत. देवळांतील चित्रांत जी बाई ओंजळींत फुलें घेऊन खालीं पाहत उभी असते, ती या पत्रांत दिसत नाहीं. दिसते ती राज्याराज्यांमधील तंटे समजणारी, कोण कोणाचा कसा आप्त आहे हें पाठ असलेली, मध्यस्थीस सदा तयार अशी एक हुशार स्त्री. १२९७ मध्यें पोर्तुगाल व कास्तील यांच्यांत आल्कान्यिसेस येथें तह होऊन सरहद्द ठरली. ती सरहद्द बहुतांशीं आजहि तीच आहे. या तहाची किंमत म्हणजे दोन लग्नें : इझाबेलची सात वर्षांची मुलगी कास्तीलच्या बालराजा फेर्नांदोस नेमली गेली, आणि फेर्नांदोची चार वर्षांची बहीण बेयात्रिस पोर्तुगालांत वाढावयास आली, ती पुढें आफोंसोची राणी व्हावी म्हणून. स्वतः दहा-अकराव्या वर्षीं परघरीं आलेल्या राणीनें आतां एका चिमुकल्या मुलीस सून म्हणून हाताशीं घेतलें. या सासूसुनांचें सख्य शेवटपर्यंत टिकलें. १३०४ मध्यें अरागोन व कास्तील यांचा तंटा तोडण्यास दिनिश पंच म्हणून गेला, तेव्हां राणीहि सोबत होती. एका बाजूस तिचा भाऊ, दुसऱ्या बाजूस तिचा जांवई, आणि मध्यें तिचा नवरा. तो तंटा मिटला.

घरचा तंटा मात्र वाढत चालला होता. दिनिशच्या दासीपुत्रांत सर्वांत थोरला समजला जाणारा आफोंसो सांशिश हा बापाचा फार लाडका. राजवाड्याचा सर्वाधिकारी करून राजानें त्यास मानाच्या शिखरावर बसविलें. युवराज आफोंसोच्या मनांत भय शिरलें कीं बाप हें राज्यच त्याला देईल. आपल्या गांवांतून वांटणीसाठीं भाऊ-भाऊ कोर्टांत उभे राहतात तें आम्हीं पाहिलें आहे. बांधावरचें एक झाड कोणाचें यावरून वीस वर्षें बोलणें बंद झालेलीं घरें आम्हांस माहीत आहेत. येथें प्रश्न सबंध राज्याचा होता आणि दोहोंकडे सैन्यें होतीं. याच सुमारास राणीची मुलगीहि गेली. कास्तीलचा राजा फेर्नांदो १३१२ मध्यें अकस्मात् वारला, दुसऱ्या वर्षीं कोन्स्तान्सा तेवीस वर्षांची असतां वारली, आणि मागें दोन वर्षांचा पोर आल्फोन्सो हा राजा म्हणून उरला.

युवराजाचें बंड १३१९ च्या सुमारास उघड झालें, व तें थांबत-पेटत १३२४ पर्यंत चाललें. या पांच वर्षांत राणीची खरी परीक्षा झाली. राजास संशय आला कीं राणी मुलास आंतून पैसा व बातमी पुरविते. हा संशय अगदींच निराधार होता काय? भाविक चरित्रकार म्हणतात, होय. आम्ही तितक्या ठामपणें बोलणार नाहीं. ती आई होती, मुलाचा हक्क खरा होता, आणि अन्याय कोणीकडून आरंभला हें तिला दिसत होतें. परंतु मुलानें बापावर तरवार उपसावी हें तिला मान्य नव्हतें, हेंहि तिच्या पुढील कृतींवरून स्पष्ट आहे. राजानें तिच्या गांवांचें उत्पन्न काढून घेतलें आणि तिला आलांकेर गांवीं नजरकैदेंत पाठविलें. तेथें कांहीं सरदार तिच्याकडे आले व आपले किल्ले आणि माणसें तिच्या स्वाधीन करण्यास सिद्ध झाले. तिनें त्यांस परत पाठविलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. पन्नाशीला आलेली ही राणी. नवरा वैरी झालेला, मुलगा बंडखोर, पैसा हातीं नाहीं. मनांत आणती तर आलांकेरांत स्वस्थ बसून प्रार्थना करती, आणि कोणीहि तिला नांव ठेवलें नसतें. परंतु १३२२ मध्यें राजानें कोइंब्रास वेढा दिला आहे हें कानीं येतांच राजाची परवानगी न घेतां ती बाहेर पडली, वेढ्यांत शिरली, नवऱ्याकडून मुलाकडे व मुलाकडून नवऱ्याकडे फेऱ्या घालीत राहिली, आणि दोघांनाहि कांहीं अटी कबूल करावयास लावून वेढा उठविला. मुलास गांवें मिळालीं. मुलानें बापास निष्ठेची शपथ दिली.

ती शपथ फार दिवस टिकली नाहीं. १३२३ मध्यें युवराज सैन्य घेऊन लिस्बनवर चालून आला. आल्वालादेच्या मैदानांत दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं. कित्येक चरित्रकार म्हणतात कीं, बाण व दगड सुटावयास लागलेहि होते. तेव्हां राणी एका खेचरावर बसून, सोबत कोणी नसतां, त्या दोन ओळींच्या मधून गेली. राणीच्या अंगावर शस्त्र कोण टाकणार? लढाई थांबली. आज लिस्बन शहर त्या मैदानावर वसलें आहे. पुढें १३२४ मध्यें सांतारें येथें शेवटचा समेट झाला, व त्याची मुख्य अट राणीच्या मुलाची होती, तीच मान्य झाली : आफोंसो सांशिश यास अधिकारावरून दूर करण्यांत आलें.

त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. तें तिला सांगावयास आम्हांस फार उशीर झाला.

दिनिश आजारी पडला तेव्हां राणीनें रात्रंदिवस त्याची शुश्रूषा केली. तो १३२५ च्या जानेवारीच्या ७ तारखेस सांतारें येथें वारला, आणि त्यानेंच स्थापन केलेल्या ओदिवेलाशच्या मठांत त्याचें दफन झालें. राणीनें राजवस्त्रें उतरविलीं व संत क्लारेच्या संन्यासिनींचा वेष अंगावर घातला. परंतु तिनें मठाचीं व्रतें घेतलीं नाहींत. कारण तिनें स्पष्ट करून ठेविलें होतें : आपली मालमत्ता आपल्या हातीं असावी, म्हणजे गरिबांस व मठास देतां येईल. ती फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाची म्हणून गणली जाते. त्याच वर्षीं ती संत याकोबाच्या यात्रेस सांतियागो दे कोंपोस्तेला येथें गेली. तेथील वेदीवर तिनें आपला मुकुट व मौल्यवान वस्त्रें अर्पण केलीं. आर्चबिशपांनीं तिला यात्रेकरूची काठी व झोळी दिली.

मग ती कोइंब्रास राहिली. मोंदेगो नदीच्या कांठीं संत क्लारेचा एक मठ पूर्वीं एका धर्मनिष्ठ बाईनें आरंभिला होता, तो भांडणांत बंद पडला. राणीनें १३१४ मध्यें त्याची पुनःस्थापना केली, मोठें देऊळ बांधविलें (त्याची प्रतिष्ठापना १३३० मध्यें झाली), जवळ गरिबांसाठीं इस्पितळ व आपल्यासाठीं एक वाडा उठविला. आपलें थडगेंहि तिनें जिवंतपणींच कोरवून घेतलें. कारागीर अरागोनकडील, मेस्त्रे पेरो नांवाचा. तें पुरें झालें व नदीस पूर आला. पाणी देवळांत शिरलें. देवळांत वरचा मजला करून थडगें तेथें नेण्यांत आलें.

मुलगा राजा झाल्यावर त्यानें सूड उगविण्यास कसर केली नाहीं. आफोंसो सांशिशची मालमत्ता जप्त झाली व तो कास्तीलकडे गेला. दुसरा एक सावत्र भाऊ जुआंव यास राजानें देहांत शासन दिलें. राणीच्या मध्यस्थीनें सांशिशबरोबर तह झाला, पण मेलेला तिला परत आणतां आला नाहीं. तिच्या शांतिकार्याचें वर्णन करतांना हें यश-अपयश दोन्हीं सांगावें असें आम्हांस वाटतें.

शेवटचा तंटा नातवाचा. कोन्स्तान्सेचा तो पोरका मुलगा आल्फोन्सो मोठा होऊन कास्तीलचा राजा झाला होता, आणि १३२८ मध्यें त्याचें लग्न आफोंसोच्या मुलीशीं, मारियाशीं झालें होतें. आपल्याकडे कित्येक समाजांत मामाची मुलगी करतात तसेंच हें. परंतु भाचा तोच जांवई असूनहि त्यानें मारियाची उपेक्षा करून लेओनोर दे गुझ्मान नांवाच्या बाईस जवळ केलें. राणीनें ही कहाणी दुसऱ्यांदा पाहिली : पूर्वीं स्वतःच्या संसारांत, आतां नातीच्या. बाप मुलीचा कैवार घेऊन युद्धास निघाला. १३३६ चा उन्हाळा. राणीचें वय पासष्टाच्या आसपास. ती कोइंब्राहून निघाली, मुलाच्या मागोमाग सरहद्दीकडे, एश्त्रेमोझच्या किल्ल्यापर्यंत पोंचली, आणि तेथें तापानें पडली. शेवटच्या दिवसांत सून बेयात्रिस उशाशीं होती. सांगतात कीं राणीनें तिला म्हटलें, त्या पांढऱ्या वस्त्रांतील बाईंस वाट करून दे; सुनेला तेथें कोणी दिसलें नाहीं. जुलैच्या ४ तारखेस तिनें प्राण सोडला.

कोइंब्रास दफन व्हावें असें तिनें १३२७ च्या मृत्युपत्रांत लिहिलें होतें. भर उन्हाळ्यांत शव इतक्या लांब कसें न्यावें हा प्रश्न पडला. पण मुलानें आईची इच्छा पाळली. सात दिवसांचा तो प्रवास. पेटी तडकली, आंतून द्रव पाझरूं लागला, आणि बरोबरचे लोक दुर्गंधीच्या भयानें मागें सरले. पण दुर्गंधीऐवजीं सुगंध आला असें तिच्या मृत्यूनंतर थोड्याच काळानें लिहिलेल्या चरित्रांत आहे.

मामाभाच्यांचें युद्ध राणीच्या हयातींत थांबलें नाहीं. परंतु पुढें समेट झाला, आणि १३४० च्या ऑक्टोबरांत सालादो नदीच्या लढाईंत तिचा मुलगा व तिचा नातू एकाच बाजूनें उभे होते. दुसरी एक गोष्ट लिहितांना लेखणी अडखळते. राणीनें मठाशेजारीं बांधलेल्या त्याच वाड्यांत, दिनिशच्या मृत्यूस बरोबर तीस वर्षें होत असतां, १३५५ च्या जानेवारीच्या ७ तारखेस इनेस दे कास्त्रो हिचा वध झाला. आज्ञा देणारा राजा आफोंसो, इझाबेलचा मुलगा. इनेस ही त्याच्या मुलाची प्रिया. त्यावरून बापलेकांत पुनः युद्ध पेटलें, आणि या वेळीं मध्यें पडण्यास सून बेयात्रिस होती. तिनें तो समेट घडविला. सासूपाशीं चौथ्या वर्षापासून ती कांहीं उगीच राहिली नव्हती.

आतां गुलाबांविषयीं. राणी पदरांत गरिबांसाठीं नाणीं (कोणी म्हणतात भाकरी) घेऊन चालली असतां राजानें अडविलें, तिनें फुलें आहेत म्हणून सांगितलें, आणि भर हिंवाळ्यांत पदरांतून गुलाब पडले, ही ती गोष्ट. राणीच्या मृत्यूनंतर लवकरच झालेल्या चरित्रांत ती नाहीं. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन बखरींत ती लिहिलेली सांपडते. आणि हीच गोष्ट हंगेरीच्या संत एलिझाबेथविषयींहि सांगतात. नांव एक, घराणें एक, म्हणून आजीच्या बहिणीचीं फुलें नातीच्या पदरीं आलीं असावीत. तशीच ती चुन्याच्या भट्टीची गोष्ट : राणीच्या निष्पाप सेवकास भट्टींत टाकण्याचा राजाचा बेत, सेवक वाटेंत मिस्सा ऐकण्यास थांबतो, आणि चहाडी करणाराच भट्टींत जातो. ही कथा तर युरोपांत ठिकठिकाणीं निरनिराळ्या नांवांनीं आढळते. इतकेंच नव्हे, तर आपल्या देशांत सोमदेवाच्या कथासरित्सागरांतील फलभूतीची कथा याच सांच्याची आहे, आणि सोमदेव काश्मीरांत अकराव्या शतकांत होऊन गेला. आम्ही मुलांस गुलाबांची गोष्ट सांगावयाचें सोडणार नाहीं. लोकांचें तिच्यावर प्रेम होतें म्हणून ती तिला मिळाली. मात्र थोर माणसांस आल्वालादेचें खेचरहि सांगूं.

दहावे लिओ पोपमहाराज यांनीं १५१६ मध्यें कोइंब्राच्या धर्मप्रांतांत तिची भक्ति करण्यास मान्यता दिली. संतपदाच्या चौकशीसाठीं १६१२ मध्यें थडगें उघडण्यांत आलें. देह न कुजलेला आढळला, आणि त्याच्याजवळ यात्रेकरूची ती काठी होती. आठवे अर्बन पोपमहाराज यांनीं १६२५ च्या मे महिन्याच्या २५ तारखेस तिला संतपद दिलें. त्या वेळीं वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या अमलाखालीं येऊन सुमारें नव्वद वर्षें झालीं होतीं, आणि तिच्याच फ्रान्सिस्कन कुळांतले संन्यासी आपल्या या भागांत सेवा करीत होते. पोर्तुगालांत लोक तिला नुसतें 'संत राणी' म्हणतात. कोइंब्राची ती आश्रयदाती संत होय, व ४ जुलैचा सण तेथें अजूनहि सबंध शहराचा असतो.

मोंदेगोच्या पुरापुढें संन्यासिनींनीं अखेर हात टेकले. टेकडीवर नवा मठ बांधावयास १६४९ मध्यें आरंभ झाला, आणि १६७७ मध्यें त्या राणीच्या देहासह वर राहावयास गेल्या. तेथें तो रुप्याच्या पेटींत आहे. खालचें देऊळ तीनशें वर्षांवर चिखलांत बुडून राहिलें; १९९५ पासून खणून व पाणी उपसून तें मोकळें केलें, आणि २००९ पासून लोकांस पाहावयास खुलें आहे. राणीनें जिवंतपणीं कोरविलेलें दगडी थडगें टेकडीवरच्या मठांत नेऊन ठेविलें आहे. त्यावर ती निजलेली दाखविली आहे : अंगावर क्लारेच्या संन्यासिनींचा वेष, डोक्यास मुकुट, कमरेस शिंपला लाविलेली झोळी, आणि जवळ काठी.